मावशीचा गाल

नवी पिल्लं यायची असली की मावशी कोंबड्यांची शेड घासायची, धुवायची, चुना मारायची आणि मग गुडघे टेकून चक्क जमिनीला गाल लावायची. एकदा दारापाशी, एकदा मध्ये, एकदा पार कोपऱ्यात. "मावशी जमिनीचे पापे घेते," म्हणून शेजारचे हसायचे. हसोत बापडे! वीस वर्षं कोंबड्यांमागे झाडलोट करून तिची पाठ वाकली होती, जीभ मात्र सरळ होती.

शेडच्या मालकीणबाईंना सगळे वहिनी म्हणत. मावशी त्यांच्याकडे कामाला नवीनच. त्याआधीच्या दोन बॅचेस लस देऊनही आजारी पडल्या होत्या. तिसरीही गेली तर शेड बंद, असं वहिनींनी घरात सांगून टाकलं होतं. राग सगळा लसीवर.

पिल्लं यायच्या दिवशी मावशीनं कोपऱ्यात गाल टेकवला आणि तशीच उठून बसली.

"वहिनी, ओल आहे. दोन दिवस भाताचं तूस पसरायचं नाही."

"अहो, पिल्लांची गाडी निघालीसुद्धा! आणि जमीन खडखडीत दिसतेय की. तूस टाकलं की जिरेल ओल."

"जिरत नाही, दडते. वर शीट पडली की असा वास सुटतो, डोळे नुसते चुरचुरतात. तुमचं नाक वर आहे, पिल्लाचं जमिनीपासून चार बोटांवर."

एवढं बोलून तिनं शेडला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गाडी दारात आली होती. तीनशे पिल्लं उतरली ती थेट बैठकीच्या खोलीत. सोफा बाहेर गेला, टीव्ही कपाटावर चढला. वहिनींचे मिस्टर दोन दिवस स्वयंपाकघरात झोपले. "या घरात माझ्यापेक्षा यांनाच मान," म्हणाले. वहिनी मावशीशी चकार शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कोपरा सुकला, तेव्हा कुठे मावशीनं कुलूप काढलं आणि पिल्लं शेडमध्ये गेली.

लस दिल्यावर तीन आठवड्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पिल्लांचं रक्त तपासायला नेलं. रिपोर्ट घेऊन आल्या त्या हसतच.

"यंदा लस लागू पडली, वहिनी."

"दुसरी दिली होती का?"

"लस तीच. आधीच्या पिल्लांचं बळ घाणीशी झगडण्यातच संपत होतं, लसीसाठी उरणार काय? यंदा जागा कोरडी मिळाली."

वहिनी तडक शेडवर गेल्या. मावशी पाण्याची भांडी घासत होती.

"मावशी, फार उपकार झाले तुमचे. आणि मी मात्र तोंड फुगवून बसले."

"पिल्लांनी नाही ना पाहिलं? मग झालं," मावशी म्हणाली. वहिनींना हसूही आलं आणि रडूही.

ती बॅच धडधाकट वाढली. पुढची यायच्या दिवशी मावशीचे गुडघे धरले होते, तिला खाली बसवेना. ती दाराला धरून उभी राहिली. वहिनींनी बाह्या सरसावल्या, गुडघे टेकले आणि जमिनीला गाल लावला. दारापाशी, मध्ये, पार कोपऱ्यात. कोपऱ्यात जरा थांबल्या.

मग घराकडे तोंड करून त्यांनी मिस्टरांना हाक मारली, "अहो, सोफा बाहेर काढा!"