दाखल्यावर हिंदू, रविवारी ख्रिस्ती

"ए कालिजवाली, ओंजळ धर. तांब्याला हात न्हाय लावायचा."

मुकादम ओरडला. मी वाकले. त्यानं हातभर उंचावरून पाणी ओतलं. निम्मं बाह्यांत गेलं.

दुष्काळ होता. कॉलेजच्या सुट्टीत मी परंड्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचे. आम्ही मांगवाड्यातले. आईबापानं ख्रिस्ती धर्म घेतलेला. शाळेच्या दाखल्यावर मात्र 'हिंदू मांग'. ख्रिस्ती लिहिलं तर मांगांची फीमाफी जाते, म्हणून गुरुजींनीच तसं लिहिलं. आमच्यात बहुतेकांचं असंच.

शेजारी धनगरवाड्यातली सरूकाकू बसायची. चाऱ्यावाचून मेंढरं गेली, म्हणून खडीवर आलेली. ती तापानं फणफणली तेव्हा मी तिच्या वाटणीची खडी फोडली. तेव्हापासून दुपारी ती माझ्याकडून बायबलातलं शुभवर्तमान वाचून घ्यायची. म्हणायची, "तुझ्याकडं बघून वाटतंय, तुझा देव बरा असंल."

मला भीती वाटायची. एवढी चांगली मी कुठं होते?

एका दुपारी मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, "किरिस्ताव हायेस म्हणं तू? मग फीमाफी कशी खातीस? कळवू का कालिजात?"

लोक हसले.

मी म्हणाले, "न्हाय. आमी हिंदूच. कागद बघा."

सरूकाकूचा हातोडा थांबला. आदल्याच दिवशी मी तिला पेत्राची गोष्ट वाचून दाखवली होती. कोंबडा आरवायच्या आत तीनदा "मी येशूला ओळखत नाही" म्हणणाऱ्या शिष्याची. ती हळूच म्हणाली, "काय गं, कोंबडं आरवायचं ऱ्हायलंय व्हय अजून?"

मुकादमाच्या शिव्या अंगवळणी पडल्या होत्या. हे नाही पडलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या ड्रमापाशी गेले. ओंजळ धरली नाही. तांब्या उचलला, बुडवला.

"मी ख्रिस्ती आहे. मांगाची आहे. कळवा कालिजात."

आणि प्याले.

"बाटवलं पाणी!" मुकादमानं लाथेनं ड्रम आडवा केला. भर उन्हात सगळी माणसं बघत राहिली. हजेरीच्या मस्टरवरून माझं नाव गेलं. बायका शिव्या देत होत्या, त्याला नाही, मला. त्यांचंही चूक नव्हतं. घसे त्यांचेही सुकले होते. सरूकाकूनं पदराचं टोक ओल्या मातीवर दाबलं, ओठांना लावलं.

"आज खरं बोललीस पोरी," ती म्हणाली. "पर पाणी गेलं की गं."

 

सुट्टी संपल्यावर कॉलेजच्या कार्यालयात मी स्वतःच धर्माची नोंद बदलायचा अर्ज दिला. कारकून म्हणाले, "सवलत जाईल. विचार कर."

"केला. ख्रिस्ती लिहा."

आता फीसाठी पहाटे दोन घरची धुणी धुते, मग वर्गात बसते. कधी कधी डोळा लागतो.

सरूकाकू चर्चला आली नाही. कदाचित येणारही नाही. मीही तिला चल म्हणणार नाही. पण माझ्याकडं बघून कुणी माझ्या देवाचा अंदाज बांधणार असेल, तर त्याला माझ्या तोंडून पुन्हा खोटं ऐकू येणार नाही.