एका दमात पळणं

गेल्या हिवाळ्यात पोलीस भरतीच्या आठशे मीटर धावण्यात माझी धाकटी बहीण शेवटच्या वळणावर थांबली. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. वेल्ह्याच्या डोंगरात आम्ही शेळ्या राखतो. शेळ्या पिकात शिरू लागल्या की एका दमात पळून त्यांना आडवं जावं लागतं. मैदानावरही ती तशीच सुटली. सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे होती.

"दादा, पाय उचलंनात," थांबल्यावर ती म्हणाली.

भोरला तिचा सराव घेणाऱ्या सरांनी सांगितलं, की इतक्या वेगात स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही. त्याच्याविना ते थोडाच वेळ तग धरतात.

घरी वडील म्हणाले, "तिथं काय शेळ्या वळवायच्या व्हत्या व्हय गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेळ्या चरायला सोडल्या.