हेर फोग्ट यांच्या कपाटाची खंडेनवमी

खंडेनवमी, २००६, हेर्त्सोगेनआउराख, जर्मनी. तळघरात हजर: मी, सासरे आप्पा आणि तेव्हाचे घरमालक हेर, म्हणजे श्रीयुत, फोग्ट.

हेर फोग्ट आता वृद्धाश्रमात आहेत. त्यांच्या बंदुका रीतसर विकल्या गेल्या आणि घर आम्ही घेतलं. आज इतक्या वर्षांनी त्यांचं रिकामं पोलादी कपाट उघडलं, तर बंदुकीच्या तेलाचा तोच वास आला.

आप्पा फौजेतले निवृत्त हवालदार. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना इथे आणलं, पण त्यांचं मन रमेना. "शस्त्रपूजा नाही तिथे मी काय करू? तिकीट काढ, सूनबाई." शेवटी मी हेर फोग्टना विचारलं. ते शिकारी होते.

त्यांनी कपाट उघडलं. "बघा, पण हात लावायचा नाही. परवाना माझा आहे." बंदुका ओळीत उभ्या, मध्ये जाड कापड, तळाशी ओल शोषणाऱ्या पुड्या, काडतुसं वेगळ्या कुलपात. आप्पांनी वाकून सगळं पाहिलं आणि कालवलेल्या कुंकवाची वाटी मागे घेतली.

"अहो आप्पा, कुंकू?"

"ओलं बोट लागलं की पोलाद गंजतं. यांनी इतक्या जपल्यात, मी कशाला बिघडवू? दार लावायला सांग."

मी आप्पांचं म्हणणं जर्मनमध्ये सांगितलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत हेर फोग्टनी दार लावलं आणि टोपी काढली. बंद दाराच्या मुठीला आप्पांनी बाल्कनीतल्या झेंडूचा हार बांधला. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. आप्पा शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिले.

फुलं केव्हाच गळून गेली, पण दोरा हेर फोग्टनी कधी सोडला नाही. कपाट न्यायला भंगारवाला उद्या येणार आहे. तळघरातली बाकीची कामं उरकली. दोरा तेवढा सोडवायचा राहिलाय.