मेणबत्तीची दक्षिण

प्रागमधल्या एका जुन्या चर्चमध्ये बाबांनी मेणबत्ती लावली आणि हळूच मला विचारलं, "इथे दक्षिण कुठली गं?"

ही सहल आईच्या हौसेची. पाचही तिकिटं तिनेच आग्रहाने काढायला लावली होती. श्रावणात ती गेली, आणि बाबा, मी, नवरा आणि लेक असे आम्ही चौघंच आलो. पुलावरचे पुतळे, राजांची थडगी, चौकातलं मोठं घड्याळ, सगळं पाहिलं. बाबा मागून मुकाट चालत राहिले. त्यांनी कशाचं नावही विचारलं नव्हतं.

जुनं शहर बघायचं म्हणजे खरं तर दुसऱ्यांची गेलेली माणसं बघत फिरायचं. त्यांचे दगड जपलेले असतात, पुढे ताजी फुलं असतात. आपलं गेलेलं माणूस मात्र अशा परक्या गावात कुठे ठेवावं, ते कळत नाही.

घरी दिव्याची वात चुकून दक्षिणेकडे झाली, की आई लगेच दिवा फिरवायची. दक्षिणेकडे तोंड फक्त गेलेल्या माणसासाठी लावलेल्या दिव्याचं. तिच्यासाठी तो दिवा बाबांनीच लावला होता.

"बाबा, मेणबत्तीला तोंड नसतं," मी म्हटलं.

"हो, तेही खरंच."

तरी मी फोनवर दिशा पाहिली आणि बाजूच्या दाराकडे बोट केलं.

सगळी माणसं समोर क्रुसाकडे बघत बसली होती. मेणबत्ती वळवता येईना, म्हणून बाबा स्वतःच वळले आणि हात जोडून दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले. उघड्या दारातला उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.