कावीळ सर

माफ करा, सरांवर लिहिण्याचा अधिकार माझा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षेच्या पेपरापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. पण त्यांच्यावर दुसरं कुणी लिहील असंही वाटत नाही.

कोल्हापुरात ते आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत. मुलं त्यांना ‘कावीळ सर’ म्हणत. कुणाची नवी ओळख झाली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “घरात कुणाला कावीळ झाली होती?” त्यामुळे लोक दुसऱ्यांदा भेटायचं टाळत. डबा ते प्रयोगशाळेत एकटेच खात.

रानडुकरातला विषाणू माणसात येऊन कावीळ होते का, हे त्यांना शोधायचं होतं. मी नेसरीकडचा, रानडुकराची शिकार होते त्या भागातला, आहे कळल्यावर म्हणाले, “मला डुकराच्या कलेजीचा नखाएवढा तुकडा आणून दे. कच्चा.”

आमच्याकडे डुक्कर पडलं की कलेजी रानातच निखाऱ्यावर जेमतेम भाजून वाटतात. सर बर्फाचा डबा घेऊन स्वतःच आले. माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, पहिला वाटा पानावर त्यांच्यापुढे धरला. भाजलेला.

“तात्या, कच्चं सांगितलं हुतं की,” मी म्हणालो.

“पावण्याला कच्चं देत्यात व्हय रं? हेच शिकीवत्यात व्हय कालेजात?”

सगळे हसले. सर पान हातात धरून बसून राहिले. खाल्लं मात्र नाही.

परतताना एसटीत ते खिडकीकडे बघत म्हणाले, “बायकोला सातवा महिना होता. अशीच कलेजी मी घरी आणली होती. दोघांनी खाल्ली. मला काही झालं नाही. तिला दीड महिन्यानं कावीळ झाली. ती गेली, पोटातलं बाळही गेलं.”

पुढच्या शिकारीला तात्यांनी कच्चा तुकडा दिला. त्या साली गावात कावीळ होती. सरांनी आजाऱ्यांचं रक्तही घेतलं. नमुने तपासायला पुण्याच्या विषाणू प्रयोगशाळेत गेले. मी पदवी घेऊन शिरोलीच्या कारखान्यात लागलो, सर निवृत्त झाले. त्यांच्या घरावरून दोनदा गेलो, पण आत गेलो नाही.

गेल्या आठवड्यात तात्यांनी गावच्या पत्त्यावर आलेलं कार्ड आणून दिलं. अक्षर सरांचं.

“डुकरातला विषाणू वेगळा निघाला, तुमच्या आजाऱ्यांतला वेगळा. त्या सालची गावची कावीळ पाण्यातून आली असावी. तात्यांना पाणी उकळून प्यायला सांग. तिच्याबद्दल मात्र यावरून काहीच सिद्ध होत नाही.”