लग्नाच्या पाण्यासाठी पाटे

लातूर नवा जिल्हा झाला, पण देवणीजवळच्या आमच्या विहिरीला ते कुणी कळवलं नव्हतं. दुष्काळात ती कोरडीठाक, आणि माझं लग्न ठरलेलं. नायगावच्या पाहुण्यांनी साफ निरोप धाडला, ‘वऱ्हाडाच्या पाण्याची सोय असेल तर यंदा, नाहीतर पुढल्या साली बघू.’ मुलगा मला मनापासून आवडला होता. पुढलं साल मला नको होतं.

बाबा शाळेत गुरुजी. त्यांनी भंगारातून जुन्या व्हॅनचा मागचा अर्धा भाग आणला आणि पाणी वाहायला काकांच्या ट्रॅक्टरला जोडायचा ट्रेलर करायला उदगीरच्या मिस्त्रीकडे दिला. प्रश्न उरला मागच्या चाकांवरच्या पाट्यांचा, म्हणजे धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचा. व्हॅनचेच मऊ ठेवायचे, की ट्रकचे जाड टाकायचे?

बाबांनी स्वतः वर बसून पाहिलं. मग मला म्हणाले, “बस गं, सांग कसं वाटतंय.” मी लग्नाची मुलगी, पण भर गॅरेजात दोनदा उड्या मारल्या आणि म्हणाले, “मऊच बरे.”

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. “गुरुजी, माणूस धरून बसतंय. पाणी कुठं धरून बसतंय? ट्रकचे टाका.”

बाबांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं असेल तर शपथ. मऊ पाट्यांवरच ते पाणी आणायला गेले. भरलेला ट्रेलर वळणावळणाला असा झुलला, की फडकी बांधलेली पिंपं डचमळून निम्मं पाणी रस्त्यालाच मिळालं. आई बाबांशी दोन दिवस बोलली नाही. उड्या मी मारल्या होत्या, म्हणून मीही गप्पच होते. तिसऱ्या दिवशी बाबा मुकाट्यानं ट्रकचे पाटे टाकून आले.

लग्नाच्या सकाळी पिंपं काठोकाठ भरून आली. मग बाबांना काय सुचलं कोण जाणे, पिंपं उतरवून तोच रिकामा ट्रेलर त्यांनी फाट्यावर पाहुण्यांतली वडीलधारी माणसं आणायला धाडला. जाड पाट्यांवर रिकामी गाडी लाहीसारखी उडते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

अट घालणारे माझे सासरे कंबर धरून उतरले. आता हे परत फिरतात की काय, म्हणून मी खिडकीशी धावले. त्यांनी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं, आणखी एक तांब्या मागितला आणि म्हणाले, “गुरुजी, पाणी लई गोड हाय. पर सूनबाईला ह्या गाडीत बसवायचं न्हाई. तिला आमी यष्टीनं नेतो.”

लग्न लागायला अजून तासभर होता. मी पदर तोंडाशी धरून हसता हसता रडले.