शेवटच्या खात्रीच्या जागेपासून

गेल्या वर्षी नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी, दुपारी एक चाळीसच्या सुमारास, माझे वडील अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या घरातून एकटेच बाहेर पडले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. घरात त्या वेळी तिघं होतो: मी, माझी पत्नी आणि सुट्टीवर आलेली आमची मुलगी सई. नानांचं वय चौऱ्याऐंशी, अंगात पातळ स्वेटर, खिशात फोन नाही. दोन वर्षांपासून त्यांना विस्मरणाचा आजार आहे, आणि चार तासांत काही खाल्लं नाही तर साखर उतरते. सूर्यास्त पाच वाजून गेल्यावर लगेच होता. त्यानंतर पारा शून्याखाली जाणार होता.

देवाविषयी तेव्हा माझी स्थिती काय होती ते प्रामाणिकपणे लिहितो. मी औषधांच्या कंपनीत तपासणीच्या कामात आहे. प्रत्येक आकडा दोनदा पडताळायचा, ही तीस वर्षांची सवय. आईने जाताना सांगितलं म्हणून रोज सकाळी एक माळ जप करायचो आणि वहीत टिपून ठेवायचो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन माळा. वही चोख होती. ऐकणारा कोणी आहे का, याची मात्र मला खात्री नव्हती, आणि तो प्रश्न मी टाळत आलो होतो.

सव्वादोनला पोलिसांना कळवलं. ते तत्परतेने आले, दोन गाड्या फिरू लागल्या. मी माझं गणित मांडलं. आठवडाभर नाना "देवळात जायचंय" म्हणत होते. देऊळ अडीच मैलांवर. त्यांचा वेग तासाला दीड मैल. म्हणजे ते अमुक वेळी अमुक चौकात असणार. मी पोलिसांनाही तेच सांगितलं, आणि पत्नीला शेजारी बसवून देवळाच्या रस्त्यावर गाडीने चार फेऱ्या मारल्या. दरम्यान सईला आमच्या वसाहतीमागच्या तळ्याकाठी, बाकावर नानांची तुळशीची माळ सापडली. तिने फोन केला. मी म्हणालो, "सकाळी फिरायला गेले तेव्हा विसरले असतील." ती म्हणाली, "नो बाबा, जेवताना त्यांच्या हातात होती, आय सॉ इट." मी म्हणालो, "तुला नीट आठवत नसेल," आणि फोन ठेवला.

चार वाजता देवळाच्या वाहनतळावर गाडी उभी करून मी आत गेलो. नाना नव्हते. तेव्हा मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मूर्तीसमोर उभा राहून मी सौदा केला: इतक्या वर्षांच्या इतक्या माळा झाल्या आहेत, त्यांच्या बदल्यात एवढं एक द्या. पत्नी मागून हळूच म्हणाली, "अहो, चला. उजेड चाललाय."

घरी परतलो तर शेजारचे वॉल्ट त्यांच्या चाकाच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी घेऊन, आमच्या ड्राइव्ह-वेवर येऊन बसले होते. सई त्यांच्याजवळ माळ घेऊन उभी होती. वॉल्ट एकशे दोन वर्षांचे. दुसऱ्या महायुद्धात, एकोणिसाव्या वर्षी, ते याच राज्याच्या किनाऱ्यावर एका दोन इंजिनांच्या हलक्या बॉम्बर विमानात रेडिओ सांभाळत. हडसन जातीचं ते विमान. जर्मन पाणबुड्या किनाऱ्यालगत जहाजं बुडवत होत्या, आणि ह्यांचं काम तासन्‌तास समुद्रावर गस्त घालायचं. त्यांची त्या काळातली उड्डाणांची वही मी आठ महिने दर रविवारी संगणकावर उतरवून देत होतो. चव्वेचाळीस उड्डाणं, आणि पाणबुडी दिसल्याची नोंद एकही नाही. मी एकदा विचारलं होतं, "म्हणजे तसं काही घडलंच नाही?" ते म्हणाले, "आम्ही वर असलो की ती खाली दबून राहायची. खाली दबलेली पाणबुडी जहाजाचा पाठलाग करू शकत नाही. न बुडलेली जहाजं तू कुठल्या रकान्यात लिहिशील?"

मी घाईने पुढे निघालो, तर सई आडवी आली. "बाबा, स्टॉप. जस्ट लिसन टू हिम."

वॉल्टनी विचारलं, "ते देवळाकडे गेले हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. माझा अंदाज."

"मग तू तुझ्या अंदाजाला शोधतोयस. वडिलांबद्दलची शेवटची खात्रीची गोष्ट कुठली?"

मी सईच्या हाताकडे पाहिलं. "बाकावरची माळ."

"मग बाकापासून सुरू कर. सरळ शंभर पावलं. उजवीकडे वळून शंभर. पुन्हा वळून दोनशे, मग दोनशे. मग तीनशे, तीनशे. आम्ही असंच शोधायचो. आणि इथे कोणी कशाला जाईल म्हणून एकही झुडूप सोडू नकोस. माणूस नेमका तिथेच असतो."

मी, पत्नी आणि सई तळ्यावर गेलो. एक पोलीस अधिकारीही सोबत आला. एका ओळीत, हाकेच्या अंतरावर, चालू लागलो. पावलं मोजायला सईने माझ्या हातात माळच दिली. एकशे आठ मणी, एकशे आठ पावलं, मग वळण; शंभराच्या जागी एक माळ, दोनशेच्या जागी दोन. मोजता मोजता ओठांवर नाम आलं. ते मी मुद्दाम घेतलं नाही, मणी हाताखालून गेला की ते येतच असे. काट्यांनी पँट फाटली, एका ठिकाणी चिखलात घोट्यापर्यंत पाय गेला. पहिली बाजू झाली, दुसरी झाली. तिसऱ्या बाजूवर कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी काही मागत नव्हतो. नाना कुठे आहेत हे मला माहीत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तसं कबूल करून मी पाऊल टाकत होतो. पुढचा मणी, पुढचं पाऊल, एवढंच माझ्याकडे होतं. त्या वेळी मनाला जी स्थिरता आली ती माझी नव्हती. ती कोणाची, ह्यावर मी वाद घालणार नाही.

पाचव्या बाजूवर, पाइन झाडांमागे, पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या एका कोरड्या चरात नाना बसलेले दिसले. पाय मुरगळला होता. ओठ निळसर पडले होते. बाकापासून ती जागा सरळ मोजली तर दोनशे पावलंसुद्धा नव्हती. वरच्या रस्त्यावरून मी दोनदा गाडी नेली होती.

माझ्याकडे बघून नाना म्हणाले, "किती उशीर रे. आरती झाली का?"

पत्नीने रडत रडत त्यांना साखरेची गोळी दिली. "नाना, तुमच्याशिवाय कशी होईल?"

"मग ठीक," ते म्हणाले. पाच वाजायला आठ मिनिटं होती.

दुसऱ्या दिवशी मी वॉल्टकडे आभार मानायला गेलो. ते म्हणाले, "आमची एकदा चूक झाली होती." एक तेलवाहू जहाज बुडालं होतं आणि पाच खलाशी तराफ्यावर असल्याची खबर होती. ते किनाऱ्याकडेच वल्हवत निघाले असणार, असं विमानातल्या सगळ्यांना वाटलं. पूर्ण दिवस किनाऱ्याच्या बाजूला शोधलं. दुसऱ्या दिवशी जहाजाच्या शेवटच्या ठाऊक जागेपासून चौकोन धरला आणि दुपारच्या आत तराफा दिसला. जवळच्या एका जहाजाला कळवलं. दोघं जिवंत होते. "बाकीच्या तिघांची नावं मला कधी कळली नाहीत," ते म्हणाले. "एका दिवसाचा उशीर. वहीत मी फक्त तास लिहिले."

मी नानांना हे सांगितलं तेव्हा त्यांना किती कळलं, ठाऊक नाही. पण ह्या वर्षी सर्वपित्री अमावास्या रविवारी आली, आणि आम्ही वॉल्टना आणि त्यांच्या मुलीला घेऊन अडीच तासांवरच्या समुद्रावर गेलो. त्या सकाळी नानांनी मला त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने दोनदा हाक मारली होती. पाण्यात उतरल्यावर मात्र मंत्राचा एक शब्द अडखळला नाही. आपल्या पितरांचं झाल्यावर त्यांनी वळून विचारलं, "त्या पोरांची नावं काय?"

मी वॉल्टना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"असू दे," नाना म्हणाले. "ज्यांचं कोणी नाही त्यांचंही ह्यात आहे."

वॉल्टनी टोपी काढून छातीशी धरली. वडील हयात असलेल्या मुलाला तर्पणाचा अधिकार नसतो. म्हणून मी गुडघाभर पाण्यात नुसता तांब्या धरून उभा होतो, आणि तो अधिकार आपल्याला नाही ह्याबद्दल मनातल्या मनात पुन्हा पुन्हा हात जोडत होतो. नानांनी दक्षिणेकडे तोंड करून काळे तीळ घेतले आणि पाणी सोडलं. तीन ओंजळी, तीन अनोळखी खलाशांना.